गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या सीमेवर : केरळच्या मध्य किनाऱ्याचे दर्शन

भारताच्या नैर्ऋत्य टोकाला पश्चिम घाट आणि अरबी समुद्र ह्यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी पसरली आहे, तिला आपण केरळ म्हणतो. ह्या राज्याचा किनारा सुमारे ५९० किलोमीटर लांबीचा आहे. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस ४४ नद्यांमधून वाहतो. त्यांपैकी केवळ तीन नद्या पूर्वेकडे जातात, उरलेल्या ४१ पश्चिमेस समुद्राकडे धाव घेतात. डोंगर आणि सागर ह्यांच्यातील अंतर थोडे असल्यामुळे ह्या नद्यांची लांबीही थोडीच आहे. त्यांच्यातील सर्वांत मोठी पेरियार नदीदेखील अडीचशे किलोमीटरपर्यंत पोहोचत नाही. परंतु ह्या नद्या सरळ समुद्राला मिळत नाहीत. लाटांनी रचलेल्या वाळूच्या लांबट पट्ट्या त्यांच्या वाटेत आडव्या येतात आणि त्या पट्ट्यांच्या आत पाणी साठून उथळ, विस्तीर्ण जलाशय निर्माण होतात. मलयाळम भाषेत ह्या जलाशयांना ‘कायल’ असे नाव आहे. त्यांतील सर्वांत मोठा वेंबनाड कायल होय. त्याची लांबी सुमारे ९६ किलोमीटर असून कोची, आलप्पुळा आणि कोट्टयम ही तिन्ही नगरे त्याच्याशी निगडित आहेत.

ह्या प्रदेशात येणारा प्रवासी सामान्यतः एक यादी हाती घेऊन येतो. चिनी जाळी, ज्यूंचे प्रार्थनामंदिर, राजवाड्यातील भित्तिचित्रे, नौकांच्या शर्यती, कथकली अशी ती यादी असते. दोन-तीन दिवसांत ही स्थळे पाहून होतात आणि एकापासून एक अलग असलेली सुंदर दृश्ये म्हणून ती स्मरणात राहतात. वस्तुतः ही सारी स्थळे एकाच सूत्रात ओवलेली आहेत आणि ते सूत्र पाण्याचे आहे. वर्षातील काही महिने नद्यांचे गोडे पाणी समुद्राला मागे रेटते, काही महिने समुद्राचे खारे पाणी कायलांमध्ये आत शिरते. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या ह्या ये-जा करणाऱ्या सीमेवरच येथील बंदरे वसली आणि बुजली, शेती उभी राहिली, होड्यांना आकार आला, परदेशी पाहुणे आले आणि येथलेच होऊन राहिले. हे सूत्र ध्यानात धरून किनारा पाहिला, तर पाहिलेल्या गोष्टींचा परस्परसंबंध आपोआप उलगडत जातो.

बुजलेले बंदर

आरंभ कोचीपासून न करता तेथून थोडे उत्तरेस असलेल्या कोडुंगल्लूरपासून करणे योग्य ठरेल. पेरियार नदीच्या मुखाजवळील ह्या परिसरात प्राचीन काळी मुझिरिस नावाचे बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. रोमन लेखक प्लिनी ह्याने तर भारतीय मालापायी आपल्या देशातील संपत्ती वाहून जाते, अशी तक्रारच नोंदवून ठेवली आहे. त्या मालात मिरीला मोठे स्थान होते. मिरीचा वेल घाटाच्या पायथ्याशी, भरपूर पावसाच्या आणि सावलीच्या प्रदेशात वाढतो. तेथून ती नद्यांच्या वाटेने होड्यांतून बंदरात येई आणि मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन आलेली जहाजे ती घेऊन परत जात. डोंगर, नदी, कायल आणि समुद्र अशी ही साखळी होती.

कोडुंगल्लूरजवळच्या पट्टणम ह्या गावी २००७ पासून उत्खनन करण्यात आले. त्यात भूमध्य सागराकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे, विटांचे बांधकाम आणि लाकडी होडीचे अवशेष हाती लागले. पट्टणम म्हणजेच मुझिरिस असे सर्व विद्वान मानीत नाहीत. मात्र दोन हजार वर्षांपूर्वी ह्या परिसराचा पश्चिमेकडील जगाशी व्यापार होता, ह्याविषयी शंका उरत नाही.

परदेशांशी असलेल्या ह्या संबंधाच्या खुणा कोडुंगल्लूरमध्ये आजही दिसतात. येथील भगवतीचे मंदिर केरळातील प्रमुख देवीस्थानांपैकी एक आहे. तेथून जवळच चेरमान जुमा मशीद आहे. तिची स्थापना सातव्या शतकात झाली, अशी परंपरा सांगते. येशू ख्रिस्ताचा शिष्य संत थॉमस इ. स. ५२ मध्ये ह्याच परिसरात उतरला, अशी येथील ख्रिस्ती समाजाची श्रद्धा आहे. ह्या परंपरांना लेखी पुरावा किती, हा इतिहासकारांच्या विचाराचा विषय आहे. प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रत्येक समाजाची मूळकथा एका बंदरात, एका होडीपासून सुरू होते.

हे बंदर पुढे बुजले. १३४१ साली पेरियारला प्रचंड पूर आला आणि त्या पुराने आणलेल्या गाळामुळे कोडुंगल्लूरचे मुख निकामी झाले, असे परंपरेने मानले जाते. त्याच सुमारास दक्षिणेस पाण्याने दुसरी वाट फोडली आणि कोचीचे मुख मोठे झाले. ह्या दोन मुखांच्या दरम्यान वैपीन नावाचे लांबट बेट आहे. नव्याने साचलेली भूमी म्हणून त्याच्याशी ‘पुतुवैप्पु’ हे नाव जोडले गेले आणि त्या घटनेपासून ‘पुतुवैप्पु’ नावाची कालगणनाही सुरू झाली. राजाच्या राज्याभिषेकापासून शक सुरू झाल्याचे आपण वाचतो. गाळाच्या भूमीपासून सुरू झालेला शक मात्र विरळाच म्हणावा लागेल.

उघडलेले बंदर

बंदर हलले तशी माणसेही हलली. कोडुंगल्लूरकडून आलेल्या ज्यूंनी कोचीच्या कोचंगाडी भागात प्रार्थनामंदिर बांधले. त्याचा शिलालेख १३४४ सालचा आहे, म्हणजे त्या पुरानंतर अवघ्या तीन वर्षांचा. मूळ वास्तू नष्ट झाली. शिलालेख मात्र आज मट्टांचेरी येथील परदेशी प्रार्थनामंदिराच्या बाहेरील भिंतीत बसवलेला दिसतो. पंधराव्या शतकाच्या आरंभी पेरुंपडप्पु राजघराण्यानेही आपली गादी कोचीस आणली. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतजवळ उतरला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत पोर्तुगीजांनी कोचीच्या राजाशी सख्य जोडून येथे आपले ठाणे वसवले. १६६३ मध्ये ते डचांनी जिंकून घेतले आणि १७९५ मध्ये इंग्रजांनी.

फोर्ट कोची भागातील सेंट फ्रान्सिस चर्च ह्या सत्तांतरांचे साक्षीदार आहे. १५०३ मध्ये लाकडात आणि पुढे दगडात उभे राहिलेले हे चर्च प्रथम पोर्तुगीज कॅथलिकांचे, मग डच प्रॉटेस्टंटांचे आणि त्यानंतर इंग्रजांचे झाले. १५२४ मध्ये वास्को द गामा कोचीतच मरण पावला आणि त्याला येथे पुरण्यात आले. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या. आत पाहण्यासारखा थाटमाट नाही. भिंतीत बसवलेल्या पोर्तुगीज आणि डच थडग्यांच्या शिळा वाचीत एक फेरी मारली, तरी तीन शतकांचा इतिहास समोर उभा राहतो.

चर्चपासून काही पावलांवर, बंदराच्या मुखाशी, चिनी जाळ्यांची रांग लागते. मलयाळममध्ये त्यांना ‘चीनवला’ म्हणतात. कुब्लाईखानाच्या काळी किंवा त्यानंतर आलेल्या चिनी नौकानायकांनी ती आणली, असे परंपरा सांगते. जाळ्याच्या अनेक भागांची नावे पोर्तुगीज असल्यामुळे ती पोर्तुगीजांनी मकावहून आणली असावीत, असेही काही अभ्यासकांना वाटते. जाळ्याची रचना तराजूसारखी आहे. लाकडाची एक भक्कम चौकट काठावर टेकवलेली असते. तिच्या पाण्याकडील टोकास कमानदार काठ्यांना बांधलेले मोठे जाळे आणि जमिनीकडील टोकास दोरांना बांधलेले दगड टांगलेले असतात. चार-सहा माणसे हा डोलारा चालवतात. जाळे पाण्यात उतरते, काही मिनिटे स्थिर राहते आणि मग दोर ओढून, दगडांच्या भाराच्या साहाय्याने वर उचलले जाते. म्हणजे मासे शोधीत जाण्याऐवजी, भरती-ओहोटीबरोबर मुखातून ये-जा करणाऱ्या माशांची वाट पाहणारे हे जाळे आहे. ह्यामुळेच ते उघड्या समुद्रकाठी न आढळता मुखांपाशी आणि कायलांच्या काठी आढळते. ज्या मुखातून पाणी आत-बाहेर खेळत नाही, तेथे त्याचा काही उपयोग नाही.

मट्टांचेरीच्या गल्ल्यांत

फोर्ट कोचीच्या पूर्वेस मट्टांचेरी हा जुना व्यापारी भाग आहे. येथील राजवाडा ‘डच पॅलेस’ ह्या नावाने प्रसिद्ध असला, तरी तो पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास कोचीच्या राजासाठी बांधला. डचांनी नंतर त्याची डागडुजी केली. बाहेरून साधी दिसणारी ही दुमजली वास्तू आतील भित्तिचित्रांसाठी प्रख्यात आहे. शयनगृहाच्या भिंतींवर रामायणातील प्रसंग तांबड्या, पिवळ्या, हिरव्या आणि काळ्या रंगांत रंगवलेले आहेत. आकृतींची दाटी इतकी की, मोकळी जागा जवळजवळ उरतच नाही. ह्या चित्रांतील मुकुट, डोळे आणि अलंकार नीट पाहून ठेवावेत. पुढे कथकली पाहताना तीच घडण रंगमंचावर चालती-बोलती झालेली दिसते.

राजवाड्याला लागूनच ज्यूंची वस्ती आणि परदेशी प्रार्थनामंदिर आहे. ते १५६८ मध्ये बांधण्यात आले. राजाने आपल्या वाड्याशेजारी आणि आपल्या देवळाजवळ ह्या समाजाला जागा दिली, ही गोष्ट त्या काळच्या युरोपातील ज्यूंच्या स्थितीशी ताडून पाहण्यासारखी आहे. १६६२ मध्ये पोर्तुगीजांनी वास्तूची नासधूस केली. डचांच्या अमलात ती पुन्हा उभी राहिली. अठराव्या शतकात एझिकिएल राहबी ह्या व्यापाऱ्याने तिला घड्याळाचा मनोरा जोडला. तळाला निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा आहेत आणि त्या हाताने रंगवलेल्या आहेत. आत जाताना पादत्राणे बाहेर काढावी लागतात. ही रीत अर्थातच केरळची. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी भास्कर रविवर्मा ह्या राजाने जोसेफ रब्बान ह्या ज्यू पुढाऱ्याला दिलेले ताम्रपट ह्या समाजाने जिवापाड जपले. १९६८ मध्ये मंदिराला चारशे वर्षे झाली, तेव्हा तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी समारंभाला उपस्थित होत्या आणि टपाल खात्याने खास तिकीटही काढले होते.

मराठी वाचकांना ह्या समाजाचा एक धागा परिचित वाटेल. कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या परंपरेत डेव्हिड राहबी हे नाव आदराने घेतले जाते आणि एकोणिसाव्या शतकात कोचीहून आलेल्या शिक्षकांनी मुंबई व कोकणातील ह्या समाजाला धर्मशिक्षण दिले. इस्रायलच्या स्थापनेनंतर, विशेषतः १९५० च्या दशकात, कोचीचे बहुतेक ज्यू तिकडे निघून गेले. आज वास्तू सुरक्षित आहे, झुंबरे जागच्या जागी आहेत, प्रेक्षकांची गर्दी आहे. परंतु प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात, तेवढे स्थानिक समाजातून जमत नाहीत. वास्तू राहिली आणि तिच्यातील जीवन उठून गेले, म्हणजे काय होते, हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने येथे थोडा वेळ स्वस्थ उभे राहावे.

मट्टांचेरीचा दुसरा धागा गोव्याकडे जातो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मच्छळामुळे गोवा सोडून निघालेल्या कोकणीभाषक कुटुंबांपैकी अनेक कुटुंबे येथे स्थायिक झाली. आजही ह्या भागात कोकणी कानी पडते. डच गव्हर्नर व्हान रीडे ह्याने मलबारातील वनस्पतींचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ ह्या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले. त्यातील वनस्पतींचे ज्ञान प्रामुख्याने इट्टी अच्युतन ह्या मलयाळी वैद्याकडून आलेले आहे. त्याच्या जोडीला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांनी १६७५ मध्ये लिहून दिलेले प्रशस्तिपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. नागरी अक्षरे छापील पृष्ठावर आल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते.

विसाव्या शतकात कोचीचे मुख पुन्हा एकदा उघडले गेले, परंतु ह्या वेळी ते माणसाने उघडले. मुखासमोर साचलेल्या वाळूच्या दांड्यामुळे मोठी जहाजे बाहेरच थांबत. रॉबर्ट ब्रिस्टो हा अभियंता १९२० मध्ये येथे आला आणि त्याने हा दांडा कापून खोल मार्ग तयार केला. १९२८ मध्ये पहिले जहाज आत आले. उपसलेल्या गाळातून जे बेट उभे राहिले, ते विलिंग्डन बेट होय. पेरियारने १३४१ मध्ये जे केले, तेच काम येथे यंत्रांनी केले, असे म्हणता येईल.

समुद्रसपाटीखालील शेते

नगर सोडून कायलांच्या बाजूला निघाले की, पाण्याशी असलेल्या व्यवहाराचे दुसरे रूप दिसते. वैपीन आणि आसपासच्या खारवट जमिनीत ‘पोक्काळी’ नावाचा भात पिकतो. जूनमध्ये पावसाने जमिनीतील क्षार धुऊन निघाले की पेरणी होते. पाण्याबरोबर उंच वाढणाऱ्या ह्या भाताच्या केवळ लोंब्याच कापून घेतात आणि उरलेला पेंढा शेतात तसाच राहू देतात. नोव्हेंबरपासून खारे पाणी आत येऊ लागते, तेव्हा त्याच शेतात कोळंबी वाढवतात. भाताचा कुजलेला पेंढा कोळंबीला पोसतो आणि कोळंबीची विष्ठा पुढच्या भाताला. गोव्यातील खाजण शेती किंवा कोकणातील खारभूमी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना बांध आणि झडपा ह्यांची ही व्यवस्था अनोळखी वाटणार नाही. येथे खाऱ्या पाण्याला शत्रू न मानता त्याच्याशी ऋतूंची वाटणी करून घेतलेली आहे.

वेंबनाडच्या दक्षिणेस कुट्टनाड हा प्रदेश आहे. तेथे ह्याच्या उलट मार्ग पत्करण्यात आला. पंपा, मीनच्चिल इत्यादी नद्यांनी आणलेल्या गाळाच्या ह्या प्रदेशात शेते समुद्रसपाटीच्या खाली, काही ठिकाणी दोन मीटरहून खोल आहेत. कायलाच्या तळातील चिखल काढून बांध रचायचे, आतील पाणी उपसून टाकायचे आणि उघड्या पडलेल्या तळावर भात पेरायचा, अशी ही पद्धत आहे. पूर्वी पायांनी फिरवावयाच्या लाकडी चक्रांनी पाणी उपसत. विसाव्या शतकात त्यांची जागा यंत्रांनी घेतली. होडीतून जाणाऱ्या प्रवाशाला पाण्याची पातळी वर आणि बांधाआडची हिरवी शेते खाली, असे नवलाचे दृश्य येथे दिसते. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये ह्या शेतीपद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली.

हे दृश्य पाहताना ते ज्यांच्या श्रमांनी निर्माण झाले, त्यांची आठवण ठेवणे उचित आहे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून चिखल काढणारे आणि बांध घालणारे मजूर बहुतांशी पुलय आणि अन्य दलित जातींचे होते. ज्या जमिनी त्यांनी पाण्यातून वर काढल्या, त्यांवर त्यांचा हक्क मात्र नव्हता. ह्याच प्रदेशातील तकळी शिवशंकर पिळ्ळै ह्यांनी ‘रंडिडंगळी’ ह्या १९४८ च्या कादंबरीत ह्या मजुरांचे जीवन मांडले. १९५६ ची त्यांची ‘चेम्मीन’ ही किनाऱ्यावरील कोळ्यांची कादंबरी अधिक प्रसिद्ध आहे. कुट्टनाडला जाणाऱ्याने ह्या दोहोंपैकी निदान एक तरी आधी वाचून जावी.

होड्या आणि गीते

रस्ते होण्यापूर्वी ह्या प्रदेशात सर्व वाहतूक पाण्यावरून होई. भात, नारळ, मिरी आणि विटा वाहून नेणाऱ्या मोठ्या होडीला ‘केट्टुवळ्ळम’ म्हणतात. ‘केट्टु’ म्हणजे बांधणे. ह्या होडीत खिळा वापरीत नाहीत. फळ्या एकमेकींना काथ्याच्या सुंभाने शिवून घेतात आणि वरून काजूच्या टरफलांच्या तेलाचा लेप देतात. काथ्याही कायलाचीच देणगी आहे, कारण नारळाची सोडणे कित्येक महिने त्याच्या पाण्यात कुजवल्यावर त्यांचे तंतू सुटे होतात. ट्रक आले आणि ह्या होड्या निरुपयोगी झाल्या. १९९० च्या दशकापासून त्यांवर खोल्या बांधून प्रवाशांसाठी त्या वापरण्यात येऊ लागल्या. त्यामुळे होड्या बांधणाऱ्या सुतारांचे कसब टिकले, हे खरे. परंतु अशा होड्यांची संख्या अतोनात वाढल्याने त्यांचे तेल आणि सांडपाणी कायलात मिसळू लागले, हेही तितकेच खरे.

सर्पाकृती लांब नौकांना ‘चुंडन वळ्ळम’ म्हणतात. शंभर फुटांहून अधिक लांबीच्या ह्या नौकेचे मागचे टोक फणा काढल्यासारखे उंच उठलेले असते. शंभराच्या आसपास वल्हेकरी तिच्यात दाटीने बसतात आणि मध्यभागी उभे राहून ताल धरणाऱ्यांच्या गाण्यावर वल्ही चालवतात. १९५२ मध्ये पंडित नेहरूंनी कुट्टनाडला भेट दिली, तेव्हा त्यांच्या स्वागतार्थ अशा नौकांची शर्यत झाली. प्रसन्न होऊन त्यांनी चांदीचा चषक पाठवला. त्या चषकासाठी आलप्पुळाच्या पुन्नमडा कायलात होणारी शर्यत पुढे देशभर गाजली. परंपरेने ती ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी होते, तरी अलीकडे काही वर्षी तारीख बदलली असल्याने आगाऊ चौकशी करावी.

आरन्मुळा येथे ओणमच्या काळात पंपा नदीवर निघणाऱ्या नौका मात्र शर्यतीसाठी नसतात. तिरुवोणमच्या दिवशी पार्थसारथीच्या मंदिरात शिधासामग्री घेऊन एक नौका येते. तिच्या रक्षणासाठी गावोगावच्या नौका बरोबर जात, अशी मूळ कथा आहे. म्हणून ह्या नौका देवाच्या मानल्या जातात आणि त्यांच्यावर पादत्राणे घालून चढत नाहीत. नौकागीतांना ‘वंचिप्पाट्टु’ म्हणतात. रामपुरत्तु वारियर ह्यांनी अठराव्या शतकात ह्याच वृत्तात सुदाम्याची कथा गुंफली आणि ती केरळात सर्वतोमुखी झाली. ह्याच गावी तांबे आणि कथिल ह्यांच्या मिश्रणातून धातूचे आरसे घडवणारी मोजकी कुटुंबे आहेत. काचेच्या आरशात प्रतिबिंब मागच्या पृष्ठावर पडते, ह्यात ते वरच्याच पृष्ठावर पडते.

पावसातील शिक्षण

किनाऱ्यावरील कलांचे वेळापत्रकही पाऊसच ठरवतो. मंदिरांचे उत्सव आणि रात्रभर चालणारे कथकलीचे प्रयोग कोरड्या महिन्यांत होतात. पावसाळ्यात, प्रयोग बंद असताना, शिष्यांचे शिक्षण कसून चालते. अंगाला तेल लावून गुरू पायांनी शिष्याचे शरीर मर्दन करतात, म्हणजे ते हव्या त्या दिशेने वळू शकते. कोचीच्या उत्तरेस भारतप्पुळा नदीकाठी चेरुतुरुत्ती येथे ‘केरळ कलामंडलम’ ही संस्था आहे. महाकवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन आणि मुकुंद राजा ह्यांनी १९३० मध्ये तिची स्थापना केली. त्या वेळी राजाश्रय आटला होता आणि कथकली संपुष्टात येण्याच्या मार्गावर होती.

कथकलीतील पात्राचा स्वभाव त्याच्या चेहऱ्याच्या रंगावरून ओळखावयाचा असतो. हिरवा रंग धीरोदात्त नायकाचा असतो. हिरव्यावर तांबडी नक्षी आणि नाकावर पांढरा गोळा असेल, तर तो रावणासारखा गर्विष्ठ पण पराक्रमी पुरुष जाणावा. पात्र स्वतः बोलत नाही. मागे गायक पदे गातात आणि नट हस्तमुद्रा, नेत्र व भुवया ह्यांच्या द्वारे त्यांचा अर्थ उलगडतो. ज्याला भाषा येत नाही, त्याने कथा आधी जाणून घ्यावी आणि रंगभूषा चालू असतानाच जाऊन बसावे. जमिनीवर उताणे पडलेल्या नटाच्या चेहऱ्यावर तांदळाच्या पिठीने व कागदाने पांढरी कड उभारताना पाहणे हा स्वतंत्र अनुभव आहे.

ह्याहून प्राचीन असे ‘कूडियाट्टम’ हे संस्कृत नाट्य केवळ चाक्यार आणि नंग्यार घराण्यांत, मंदिरांच्या रंगशाळांत चालत आलेले होते. १९६५ मध्ये कलामंडलमने ते इतरांनाही शिकवण्यास आरंभ केला. त्यामुळे ते टिकले आणि २००१ मध्ये युनेस्कोने त्याचा गौरव केला. ज्यूंच्या प्रार्थनामंदिरासमोर जो प्रश्न मनात येतो, त्याचे एक उत्तर येथे मिळते. ज्या परंपरेने वेळीच आपले दार उघडले, तिला नवे वारस लाभले.

पाण्याचे भवितव्य

ह्या साऱ्या वैभवाचा आधार असलेले पाणी मात्र आज संकटात आहे. कुट्टनाडच्या शेतात उन्हाळ्यात खारे पाणी शिरू नये म्हणून १९७० च्या दशकात तण्णीरमुक्कम येथे वेंबनाडवर एक किलोमीटरहून अधिक लांबीचा, दरवाजे असलेला बांध पूर्ण करण्यात आला. डिसेंबरच्या मध्यास दरवाजे बंद होतात आणि भात तयार होत आला की उघडतात. ह्यामुळे भाताचे रक्षण झाले. परंतु खाऱ्या पाण्यात उपजून गोड्याकडे येणाऱ्या कोळंबीची आणि माशांची वाट अडली. पूर्वी दरवर्षी खारे पाणी येऊन जे पाणतण मारून टाकी, ते आता कालवे भरून टाकू लागले. शेतीतील रसायने बांधाच्या आत साचू लागली. दरवाजे केव्हा उघडावेत, ह्यावरून शेतकरी आणि मच्छीमार ह्यांच्यात मतभेद आहेत. दोघांचीही बाजू त्यांच्या पोटाची आहे, म्हणून तो सहज मिटण्यासारखा वाद नव्हे. २००२ मध्ये वेंबनाडला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ प्रदेशाचा दर्जा मिळाला, तरी भराव आणि अतिक्रमण ह्यांमुळे तो आक्रसतच गेला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या महापुरात केरळात चारशेहून अधिक माणसे दगावली आणि कुट्टनाड पूर्णपणे पाण्याखाली गेले. पुराचे पाणी ज्यात सामावावयाचे, ते जलाशयच उथळ आणि अरुंद झाले होते.

अलीकडे काही आशादायक गोष्टीही घडल्या आहेत. २०१२ पासून मट्टांचेरीच्या जुन्या वखारींत ‘कोची-मुझिरिस बिएन्नाले’ हे कलाप्रदर्शन भरू लागले आणि मिरी-सुंठीची कोठारे पुन्हा माणसांनी गजबजली. २०२३ मध्ये कोचीत विजेवर चालणाऱ्या होड्यांची सार्वजनिक वाहतूक सुरू झाली. जुने जलमार्ग निव्वळ देखाव्यासाठी न राहता पुन्हा लोकांच्या उपयोगी पडू लागले, ही समाधानाची बाब आहे.

ह्या किनाऱ्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्या काळात भेट देणे सोयीचे असते. तथापि ज्याला शक्य असेल, त्याने एकदा पावसाळ्यात आणि एकदा मार्चमध्ये येऊन पाहावे. पावसाळ्यात कायलाचे पाणी ओंजळीत घेऊन चाखले, तर ते गोडे लागते. मार्चमध्ये कोचीजवळ तेच पाणी खारट झालेले असते. चिनी जाळे, पोक्काळीचे शेत आणि कुट्टनाडचा बांध ही तीनही ह्या एका फरकाला माणसाने दिलेली उत्तरे आहेत. हा फरक जोवर पाण्यात शिल्लक आहे, तोवर ही स्थळे जिवंत आहेत. तो नाहीसा झाला, तर जाळी आणि होड्या उरतील, परंतु केवळ छायाचित्रे घेण्यापुरत्या.